गळा दाबला, पण वळ नाही: तरीही तपासणी का हवी?

"मारलं नाही हो, नुसता गळा धरला होता." कॅज्युअल्टीत हे वाक्य आम्ही ऐकतो आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा केसपेपरवर 'मारहाण' एवढेच लिहून पुढच्या पेशंटकडे वळतो. सुजलेला गाल दिसतो, गळा मात्र ठीक दिसतो. चूक इथेच होते.

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या कॅरोटिड धमन्या आणि ते रक्त परत आणणाऱ्या शिरा मानेत फार खोल नसतात. शिरा बंद व्हायला साधारण २ किलो दाब पुरतो, धमन्यांना ५ किलोच्या आसपास. श्वासनलिका बंद करायला मात्र १५ किलोच्या घरात दाब लागतो. म्हणजे श्वास चालू असतानाही मेंदूचे रक्त अडू शकते. दोन्ही धमन्या पूर्ण दाबल्या गेल्या, तर १० सेकंदांच्या आत शुद्ध जाते. म्हणूनच "मधलं काही आठवत नाही" असे तुम्हाला वाटत असेल, तर ते घाबरल्यामुळेच असे समजू नका. तुम्ही बेशुद्ध झाला असाल. त्या वेळी कपड्यात लघवी झाली असेल तर तेही सांगा. लाजेपोटी ही गोष्ट लपवली जाते, पण आमच्यासाठी ती फार महत्त्वाची खूण आहे.

अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात गळा दाबल्याच्या ३०० पोलीस प्रकरणांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्या स्त्रियांच्या मानेवर दिसण्याजोगी एकही खूण नव्हती.

आवाज घोगरा होणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत किंवा पापण्यांवर बारीक लाल ठिपके, चक्कर, मान किंवा डोके दुखणे यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. श्वास घ्यायला त्रास, तोंड वाकडे होणे, हातापायातली ताकद जाणे किंवा बोलणे अडखळणे यांत १०८ ला फोन करा. दाबामुळे धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, तिथे गुठळी होते आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी, तरुण बाईलाही पक्षाघात येतो. साध्या एक्स-रेत ही चीर दिसत नाही. मानेची सीटी अँजिओग्राफी लागते. गरोदर असाल तर बाळाचीही तपासणी करून घ्या.

दुसरा धोका पुढचा आहे. २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासानुसार, छळ सोसणाऱ्या इतर स्त्रियांच्या तुलनेत, जिचा जोडीदाराने आधी गळा दाबला होता तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सात पटींहून जास्त होती. "रागात झालं, आता माफी मागतोय" हे सासर-माहेरचे समजावणे ऐकताना हा आकडा आठवा.

डॉक्टरांना एकटीनेच भेटायचे आहे असे सांगा; नवरा किंवा सासू सोबत असताना खरे बोलता येत नाही. 'गळा दाबला' हेच शब्द वापरा, हाताने की ओढणीने, किती वेळा, तेही सांगा. एमएलसी नोंदवायला सांगा. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिला हेल्पलाइन १८१. जिल्ह्यातले सखी वन स्टॉप सेंटर, किंवा मुंबईत पालिका रुग्णालयांतली दिलासा केंद्रे, निवारा आणि कायदेशीर मदतीची वाट दाखवतात. घरी फोन तपासला जात असेल तर हे नंबर पाठ करा आणि हे पान बंद करताना ब्राउझरची हिस्टरी पुसून टाका.