'हृद्य' ते 'हृदयपोषक' : अर्जुनसालीचा शब्देतिहास

निरोपसमारंभाच्या वृत्तान्तात 'हृद्य' हा शब्द आला नाही असे सहसा होत नाही. सत्कार हृद्य असतो, भाषण हृद्य असते, आणि वृत्तान्त लिहिणाऱ्याला दुसरे काहीच सुचले नाही तर अख्खा सोहळाच हृद्य होऊन जातो. आपण मराठीचे अध्यापक या शब्दाला इतके सरावलो आहोत, की त्याला एक वैद्यकीय पूर्वायुष्य आहे हे आपल्या गावीही नसते. माझ्याही नव्हते. ते कळायला वडिलांचे आजारपण निमित्त झाले.

वडील संस्कृतचे निवृत्त शिक्षक. हृदयाच्या धमनीत जाळी बसवून घरी आल्यावर दोन-तीन महिन्यांनी त्यांच्या उशाशी एक नवी बाटली दिसू लागली. अर्जुनाच्या सालीच्या अर्काची कॅप्सुले होती ती, आणि वेष्टनावर 'हृदयाच्या आरोग्यास साहाय्यक' असे छापलेले होते. मी हरकत घेतली नाही. पुढे ध्यानात आले की डॉक्टरांनी रोज रात्री घ्यायला सांगितलेली कोलेस्टेरॉलची गोळी त्यांनी परस्पर बंद केली आहे. विचारले तेव्हा त्यांनी शांतपणे 'भावप्रकाशा'ची जुनी प्रत उघडली आणि ककुभाच्या वर्णनातील एका विशेषणावर बोट ठेवले. ते विशेषण होते 'हृद्य'. "सोळाव्या शतकातला भावमिश्र सांगतो आहे, आणखी कोणता पुरावा हवा?" असे त्यांचे म्हणणे.

डॉक्टरांशी वाद घालण्याची माझी पात्रता नाही, पण शब्दाविषयी वाद घालण्याची थोडीफार आहे असे मला वाटले. म्हणून मी त्यांच्याच कपाटातले ग्रंथ काढून बसलो. त्या वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडतो आहे.

अर्जुन हा आपल्याकडील नदीकाठचा वृक्ष. मराठीत त्याला अर्जुनसादडा म्हणतात. ऐनाचा हा सख्खा भाऊबंद. पण ऐनाची साल काळपट, भेगाळलेली, तर याची गुळगुळीत, फिकट, पापुद्रे सुटणारी. 'अर्जुन' या शब्दाचा मूळ अर्थच शुभ्र, उजळ असा आहे. वृक्षाला पांडवाचे नाव मिळाले असे आपण समजतो; खरे तर दोघांनाही एकाच विशेषणाने नाव दिले आहे. पुढे कोशकारांना मात्र हा योगायोग आवरला नाही आणि त्यांनी 'पार्थ' हेही झाडाचे नाव करून टाकले. 'मेघदूता'तील मेघ ज्या ककुभगंधित पर्वतांवर रेंगाळेल अशी यक्षाला धास्ती वाटते, तो ककुभ म्हणजे अर्जुनच असेही मानले जाते. बाळकृष्णाने उखळासकट ओढत नेऊन पाडलेले यमलार्जुन तर कीर्तनातून सर्वांना परिचित आहेत. साहित्यात असे मानाचे स्थान असलेल्या या झाडाला वैद्यकात हृदयाजवळची जागा मात्र फार सावकाश मिळाली.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात औषधी द्रव्यांचे पन्नास गट दिले आहेत. प्रत्येक गटात दहा द्रव्ये. त्यांतला एक गट नेमका 'हृद्य' द्रव्यांचा आहे. मी मोठ्या उत्सुकतेने तो उघडला. त्यात आहेत आंबा, अंबाडा, लकुच, करवंद, वृक्षाम्ल, अम्लवेतस, कुवल, बोर, डाळिंब आणि महाळुंग. अर्जुन नाही! वृक्षाम्ल म्हणजे कोकम असे सामान्यतः मानले जाते. तेव्हा चरकाच्या हिशेबाने आपली सोलकढी अर्जुनापेक्षा अधिक हृद्य ठरते. यादीवर नुसती नजर फिरवली तरी तिची चव जिभेवर येते. सारी आंबट फळे. त्याच स्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात कोणत्या गुणात कोण श्रेष्ठ याची लांबलचक गणना आहे, तेथेही हृद्य पदार्थांत अग्रमान आंबट रसालाच दिला आहे.

मग या 'हृद्य'चा अर्थ काय? तोंडाला चव आणणारे, खाताच मन प्रसन्न करणारे, अन्नाची इच्छा जागवणारे. हृदय हे मनाचे आणि चेतनेचे अधिष्ठान आहे अशी त्या काळची धारणा होती. तेव्हा मनाला जे रुचते ते हृदयाला रुचते, असा हा सरळ हिशेब. रक्त ढकलणाऱ्या स्नायूचा येथे प्रत्यक्ष संबंध नाही. रक्ताभिसरणाचा हार्वीचा ग्रंथ १६२८ चा आहे. काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा अर्थ परका वाटू नये. आपण ज्याला 'सहृदय' म्हणतो त्याची इ.सी.जी. काढून पाहण्याची गरज आपल्याला कधी भासलेली नाही. चरकाचा 'हृद्य' आणि निरोपसमारंभातला 'हृद्य' हे एकमेकांच्या फार जवळ आहेत. नवल म्हणजे इंग्रजीतही हेच घडले आहे. 'कॉर्डियल' हा शब्द हृदयवाचक लॅटिन शब्दावरून आलेला. तो आधी हृदयाला उभारी देणाऱ्या औषधी पेयाला लावीत, पुढे गोड सरबताला लावू लागले, आणि स्वागतही 'कॉर्डियल' होऊ लागले.

चरकाच्या या पन्नास गटांत अर्जुन आहे, पण तो 'उदर्दप्रशमन' गटात, म्हणजे अंगावर उठणाऱ्या गांधी शमवणाऱ्या द्रव्यांत. खैर आणि सप्तपर्ण यांच्या पंगतीला. सुश्रुताने त्याला सालसारादी आणि न्यग्रोधादी या गणांत घातले आहे. यांतल्या दुसऱ्या गणाचे काम जखमा भरणे आणि मोडलेले हाड सांधणे. हृद्रोगाच्या चिकित्सेत अर्जुनाचे नाव अजिबातच येत नाही असे नव्हे. चरक-वाग्भटांच्या परंपरेत कफज हृद्रोगाच्या उपचारात ते येते, पण इतर वृक्षांच्या सोबतीने, पाठातला एक घटक म्हणून. शिवाय तो हृद्रोग म्हणजे आजचा हृदयविकार नव्हे. वात, पित्त, कफ, सन्निपात आणि कृमी अशी त्याची पाच कारणे. कृमींमुळे होणाऱ्या हृद्रोगाला आजच्या हृदयरोगतज्ज्ञाने कोणत्या रकान्यात टाकावे? "अर्जुनाचा हृदयविकारावर प्रथम उपयोग वाग्भटाने केला" हे वाक्य आधुनिक शोधनिबंधांत मी इतक्या वेळा वाचले, की ते एकाने लिहिले आणि बाकीच्यांनी उतरवून घेतले असावे अशी शंका येते. वाग्भटाच्या ग्रंथाच्या नावातच 'हृदय' आहे हाही एक भाषिक विनोदच. 'अष्टांगहृदय' म्हणजे आठ अंगांचे सार, एवढाच त्याचा अर्थ.

अर्जुन खऱ्या अर्थाने हृदयाचा झाला तो अकराव्या शतकात, बंगालच्या चक्रपाणिदत्ताच्या हाती. त्याच्या चिकित्साग्रंथात हृद्रोगासाठी अर्जुनसाल घालून आटवलेले दूध सांगितले आहे. तूप, दूध किंवा गुळाचे पाणी यांबरोबर सालीचे चूर्ण घ्यावे असेही आहे. येथे अर्जुन गर्दीतून बाहेर पडून एकटा उभा राहतो. मात्र चूर्णाचा तो श्लोक पुरता वाचला पाहिजे. त्यात हृद्रोगाबरोबर जुना ताप आणि रक्तपित्तही नाहीसे होते, आणि चूर्ण घेणारा दीर्घायुषी होतो! फलश्रुतीची ही शैली आपण स्तोत्रांतून चांगली ओळखतो. स्तोत्राच्या फलश्रुतीकडे आपण जसे पाहतो तसे औषधाच्या फलश्रुतीकडे पाहत नाही, इतकेच. त्यानंतर चार-पाचशे वर्षांनी भावमिश्राने ककुभाला 'हृद्य' म्हटले. तोवर अर्जुनदूध वैद्यांच्या वापरात मुरले असणार. चरकात आंबट फळांना लागणारे विशेषण आता एका तुरट सालीला लागले होते. चव बदलली म्हणजेच अर्थ बदलला. कारण अर्जुनसालीला 'रुचकर' म्हणणारा माणूस मला अद्याप भेटायचा आहे.

एकोणिसाव्या शतकात या विशेषणाचे भाषांतर झाले आणि मग ते मागे वळले नाही. उदयचंद्र दत्त यांचा हिंदूंच्या औषधिद्रव्यांवरचा इंग्रजी ग्रंथ १८७७ साली कलकत्त्यात निघाला. त्यातून आणि नंतरच्या संकलनांतून अर्जुनाचा हृदयविकाराशी असलेला संबंध इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचला. या संकलकांत आपल्या लोकांनी आवर्जून आठवावे असे एक नाव आहे. १९०९ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कान्होबा कीर्तिकर. पेशाने लष्करी डॉक्टर, व्यासंगाने वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि शिवाय कवी. मेजर बसू यांच्याबरोबर त्यांनी सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा कोशग्रंथ १९१८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, अलाहाबादेहून प्रसिद्ध झाला. आपल्या वाङ्मयेतिहासांत त्यांची नोंद कवी आणि संमेलनाध्यक्ष म्हणून एखाद-दुसऱ्या ओळीत आटोपते, आणि वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत त्यांच्या कवितेचा पत्ता नसतो. एकाच माणसाचे असे दोन अर्धे दोन कपाटांत पडून आहेत.

त्या काळच्या डॉक्टरांना अर्जुनात एक विशिष्ट गोष्ट हवी होती. विल्यम विदरिंगने १७८५ साली डिजिटालिसवर पुस्तक लिहिले होते. श्रॉपशायरमधील एका वृद्धेच्या घरगुती काढ्यातून त्याने हे औषध वेचून काढले, आणि ते हृदयाच्या विकारावर खरोखरच चालले. काढ्यातून औषध निघू शकते याचे हे आदर्श उदाहरण. मग भारताच्या जंगलातही असे एखादे डिजिटालिस का नसावे? कलकत्त्याचे रामनाथ चोप्रा आणि घोष यांनी १९२९ मध्ये अर्जुनसालीचे रासायनिक पृथक्करण आणि परीक्षण प्रसिद्ध केले. सालीत कॅल्शियमचे क्षार विपुल निघाले, टॅनिनही निघाले. पण डिजिटालिससारखे प्रभावी द्रव्य हाती आले नाही. पुढच्याच वर्षी कायस, म्हसकर आणि आयझॅक्स यांनी या कुळातील निरनिराळ्या भारतीय वृक्षांच्या साली तुलनेसाठी शेजारी शेजारी ठेवल्या. देशी औषधांविषयी आस्था असलेल्या माणसांनीच ही परीक्षा घेतली होती, हे लक्षात घेतले पाहिजे. चोप्रांनी तर आपली सारी कारकीर्द त्यासाठी वेचली.

नंतरच्या चाचण्यांची हकिगत थोडक्यात सांगतो. इंदूरच्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये तीव्र हृदयदौर्बल्याच्या १२ रुग्णांवर आणि २००२ मध्ये छातीत कळ येणाऱ्या ५८ पुरुषांवर अर्जुन-अर्काचे प्रयोग प्रसिद्ध केले. दोन्हींचे निष्कर्ष आशादायक होते. दिल्लीच्या एम्समधील शंभर रुग्णांवरची, बारा आठवड्यांची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत हृदयाच्या रक्त बाहेर टाकण्याच्या क्षमतेत फरक आढळला नाही. काही रुग्णांत चालण्याची ताकद आणि लक्षणे यांत थोडी सुधारणा दिसली. म्हणजे दार पुरते उघडलेलेही नाही आणि बंदही नाही. पण माझ्या वादासाठी महत्त्वाचा तपशील वेगळाच होता. हृदयदौर्बल्याच्या या रुग्णांना अर्जुन दिला गेला तो नेहमीची औषधे चालू ठेवून, त्यांच्या जोडीला. त्यांच्या जागी नव्हे.

उरला तो वेष्टनावरचा शब्द. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने ज्या रोगांवर इलाज करून देण्याची जाहिरात करण्यास मनाई केली, त्यांच्या यादीत हृदयविकारही आहेत. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने पूरक आहार विकणाऱ्यांना 'अमुक अवयवाच्या कार्यास साहाय्यक' असे म्हणण्याची मुभा दिली, आणि त्याखाली 'हे उत्पादन कोणताही रोग बरा करण्यासाठी नाही' असे छापण्याची सक्तीही केली. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी अशा पूरक आहारांच्या वेष्टनावर 'औषधी वापरासाठी नाही' हे शब्द आवश्यक ठरवले. कायद्याच्या या चिमट्यातून जी शब्दकळा निपजली तिच्यात 'साहाय्यक', 'पोषक', 'हितकर' हे शब्द पुन:पुन्हा येतात. या क्रियेला कर्म नाही. कशाला साहाय्य? किती? कुणाच्या विरुद्ध? चक्रपाणीची फलश्रुती निदान रोगांची नावे घेऊन बोलत होती. वेष्टनावरचा शब्द काहीच कबूल करीत नाही, आणि तरीही हृदयविकार झालेल्या माणसाला तो सर्व काही सांगून जातो. इतके काटेकोर संदिग्ध गद्य आपल्या नवकवींनाही सहज साधले नसते.

हे सारे मी वडिलांना दोन-तीन बैठकांत वाचून दाखवले. आंबट फळांच्या यादीपाशी ते हसले. भावमिश्राने हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला हे त्या एका श्लोकावरून सिद्ध होत नाही, असा आक्षेप त्यांनी घेतला. तो मला मान्य करावा लागला. मग ते बराच वेळ गप्प राहिले आणि शेवटी म्हणाले, "चक्रपाणी दूध सांगतो, कॅप्सूल नव्हे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वैद्यांकडून साल आणवली. एक भाग साल, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी, आणि दूध उरेपर्यंत आटवायचे, असे क्षीरपाकाचे प्रमाण आहे. गॅसपाशी उभे राहून ते तासभर ढवळत होते. हे दूध चालेल का, हे मी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून घेतले. त्यांनी गोळ्यांची यादी पुन्हा एकदा तपासून होकार दिला. रात्री वडिलांनी आधी कोलेस्टेरॉलची गोळी घेतली, मग तो तांबूस, तुरट पेला तोंडाला लावला आणि वेडेवाकडे तोंड करून म्हणाले, "हृद्य आहे."