ज्येष्ठतेची यादी : रेल्वेच्या इंजिनापासून विमानाच्या कॉकपिटपर्यंत

१/१४
रत्नागिरी स्थानकात कोकण रेल्वेच्या अनेक गाड्यांचे चालक बदलतात. प्रवासी चहा घेऊन डब्यात परततात, तोवर इंजिनात दुसरे दोघे बसलेले असतात. त्यांच्या वाट्याला मालगाडी येते की एक्स्प्रेस आणि बढती कधी मिळते, हे बहुतांशी एका कागदावर अवलंबून असते. तो कागद म्हणजे सेवाज्येष्ठतेची यादी. विमानाच्या वैमानिकाचे आयुष्यही अशाच यादीने बांधलेले असते आणि विमान कंपन्यांनी ती उचलली रेल्वेकडूनच. त्या यादीचा हा इतिहास.

२/१४
एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी रेल्वेत कोणाला कोणती गाडी द्यायची, हे मुकादमाच्या मर्जीवर ठरे. मर्जीतल्या माणसाला दिवसाची सोयीची फेरी मिळे, तर नावडत्याला रात्रीची मालगाडी. १८६३ मध्ये डेट्रॉइट येथे इंजिनचालकांची संघटना स्थापन झाली. पुढे अशा संघटनांनी एक साधे माप पुढे केले : नोकरीत आधी आला त्याची निवड आधी. हे माप कौशल्य मोजत नाही, मेहनतही मोजत नाही. मात्र रुजू झाल्याची तारीख कोणाच्या मर्जीने बदलत नाही, हेच त्याचे बळ.

३/१४
भारतात १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली आणि कालांतराने येथील रेल्वेतही अशीच शिडी उभी राहिली. आधी सहायक लोको पायलट, मग मालगाडी, मग पॅसेंजर आणि शेवटी मेल-एक्स्प्रेस. प्रवासी गाड्यांच्या चालकांना ‘लिंक’ असते. लिंक म्हणजे कामाचे ठरलेले चक्र. कोणत्या दिवशी कोणती गाडी आणि कोठे विश्रांती, हे त्यात आधीच लिहिलेले असते. मालगाडीच्या चालकाला मात्र बोलावणे केव्हाही येते. वरच्या पायरीवर पगार वाढतो, पण घरच्यांच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आठवड्याला आकार येतो.

४/१४
या व्यवस्थेतील सर्वांत बोलका नियम बदलीचा आहे. भारतीय रेल्वेत चालकांची ज्येष्ठता सामान्यतः विभागापुरती असते. भुसावळ विभागातील एखाद्या कोकणी सहायक चालकाने घराजवळ यायचे म्हणून स्वतःच्या विनंतीवरून मुंबई विभागात बदली घेतली, तर तेथे त्याचे नाव त्याच्या श्रेणीतील सर्वांच्या खाली लागते, मग मागची सेवा कितीही वर्षांची असो. दोघांनी आपसांत बदली केली, तर स्वतःची आणि समोरच्याची यांपैकी कनिष्ठ ज्येष्ठता वाट्याला येते. घराजवळ येण्याची किंमत अशी वर्षांत मोजावी लागते.

५/१४
हीच कल्पना विमान क्षेत्रात गेली. १९३१ मध्ये अमेरिकेत डेव्हिड बेन्के यांच्या पुढाकाराने वैमानिकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १९३६ मध्ये तेथील रेल्वे कामगार कायदा विमान कंपन्यांनाही लागू झाला. टपाल वाहणाऱ्या वैमानिकांवर खराब हवामानातही उड्डाण करण्याचा दबाव असे. नकार देणाऱ्याला वाईट फेऱ्या देऊन किंवा नोकरीवरून काढून धडा शिकवता येई. फेऱ्यांचे वाटप यादीने होऊ लागले, की व्यवस्थापकाच्या हातातील एक चाबूक कमी होतो. ज्येष्ठतेचा प्रश्न प्रवाशांच्या सुरक्षिततेलाही असा जाऊन भिडतो.

६/१४
अमेरिकी कंपन्यांत ही पद्धत आजही जवळपास संपूर्ण आहे. तळ कोणता, विमान कोणते, कॅप्टनची जागा की को-पायलटची, महिन्याचे वेळापत्रक कोणते, सणाला सुट्टी मिळणार की नाही, या प्रत्येक गोष्टीसाठी वैमानिक पसंती नोंदवतात आणि वाटप यादीच्या क्रमाने होते. शेंड्यावरचा निवडतो, शेपटीचा उरलेले घेतो. नवख्याच्या नशिबी बहुधा कोणालाही नको असलेला तळ येतो आणि ‘राखीव’ कामगिरी येते. म्हणजे फोन वाजेल त्या वेळी विमानतळाकडे निघायचे.

७/१४
छोट्या शहरांना जोडणाऱ्या प्रादेशिक कंपन्यांत या यादीचे स्वरूप विचित्र होते. वरची माणसे मोठ्या कंपन्यांकडे जात राहतात, म्हणून खालची झपाट्याने वर सरकतात. जाणारा मात्र आपला क्रमांक मागेच ठेवून जातो. काल लहान विमानाचा ज्येष्ठ कॅप्टन असलेला वैमानिक आज मोठ्या कंपनीच्या यादीत शेवटचा को-पायलट होऊ शकतो. त्याचे उड्डाणाचे तास त्याच्यासोबत जातात, ज्येष्ठता जात नाही. आणि उतरंडीच्या तळाशी असलेली कंपनी बुडाली, तर वर्षांचा तो हिशोब कागदावरच राहतो.

८/१४
भारतात कंपन्यांच्या एकत्रीकरणामुळे हा प्रश्न वारंवार उभा राहिला. १ ऑगस्ट १९५३ रोजी देशांतर्गत सेवा देणाऱ्या आठ कंपन्यांचा कारभार इंडियन एअरलाइन्सकडे आला. ताफ्यात प्रामुख्याने डाकोटा विमाने होती. विमानांना नवा रंग देता येतो. आठ कंपन्यांच्या माणसांना एका रांगेत उभे करणे अवघड. रुजू होण्याची तारीख धरावी, की हुद्दा, की विमानाचा प्रकार? प्रत्येक निकषाने रांग वेगळी लागते आणि प्रत्येक रांगेत कोणीतरी मागे ढकलला जातो.

९/१४
जानेवारी १९८१ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून ‘वायुदूत’ ही प्रादेशिक कंपनी सुरू केली. आरंभ ईशान्य भारतापासून झाला. नंतर एकोणीस आसनी डॉर्निअर विमानांनी देशभरातील लहान शहरे जोडली गेली. तोटा वाढत गेला आणि १९९३ मध्ये तिचे इंडियन एअरलाइन्समध्ये विलीनीकरण करण्याचा निर्णय झाला. लहान कंपनी मोठीत मिसळते, तेव्हा तिच्या कर्मचाऱ्यांपुढे एकच प्रश्न असतो : आमची सेवा रुजू झाल्यापासून मोजणार, की सामावून घेतल्यापासून?

१०/१४
२००७ मध्ये खुद्द एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या. एकीकडे दूर पल्ल्याची मोठी विमाने, दुसरीकडे देशांतर्गत मार्गांवरची लहान. लहान विमानांच्या ताफ्यात को-पायलटला कमांड, म्हणजे कॅप्टनपद, तुलनेने लवकर मिळे. मोठ्या विमानांवर वाट पाहणे लांबे. त्यामुळे समान वर्षांच्या सेवेचे दोन वैमानिक दोन वेगळ्या पायऱ्यांवर उभे होते. कंपनीचे नाव एक झाले, याद्या दोनच राहिल्या.

११/१४
२०११ मध्ये पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी वेतनसमानतेसाठी संप केला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये आला. त्याच वर्षी मे महिन्यात एअर इंडियाच्या मूळच्या वैमानिकांनी काम थांबवले. येऊ घातलेल्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या गटालाही मिळाले, तर आपले कॅप्टनपद लांबेल, ही त्यांची भीती होती. तो संप ५८ दिवस चालला. भांडण वरकरणी विमानाचे होते, प्रत्यक्षात रांगेतील जागेचे होते.

१२/१४
अमेरिकेतील अनुभव याहून कठोर होता. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने डबघाईला आलेली टीडब्ल्यूए कंपनी घेतली, तेव्हा टीडब्ल्यूएच्या केबिन कर्मचाऱ्यांना एकत्रित यादीच्या तळाशी टाकण्यात आले. वैमानिकांपैकीही अनेकांच्या वाट्याला तेच आले. मंदीत कपात यादीच्या तळापासून होते. त्यामुळे अनेक वर्षे सेवा केलेली माणसे आधी घरी गेली. अखेर २००७ मध्ये तेथे कायदा झाला की विलीनीकरणात ज्येष्ठतेची जुळणी न्याय्य आणि समतोल रीतीने व्हावी.

१३/१४
आता पुन्हा कोकणात. ऑक्टोबर २०२१ मध्ये सिंधुदुर्गातील चिपी विमानतळावर अलायन्स एअरचे पहिले प्रवासी विमान उतरले, ते मुंबईहून आले होते. लहान विमानतळांचे बहुधा असेच असते : विमान येते, जाते, वैमानिकाचा तळ मोठ्या शहरात राहतो. रत्नागिरीची धावपट्टी प्रामुख्याने तटरक्षक दलाच्या कामाची. येथील मुलगा वैमानिक झाला आणि यादीत पहिला आला, तरी निवडायला गावचा तळच नसतो. लोको पायलटला मात्र रत्नागिरी मिळू शकते, कारण रेल्वेने येथे माणसे ठेवली.

१४/१४
ती माणसे ज्या यादीत आहेत, ती वेगळी आहे. १९९० मध्ये स्थापन झालेले कोकण रेल्वे महामंडळ हे केंद्र आणि चार राज्यांच्या भागीदारीचे स्वतंत्र महामंडळ. त्याची भरती स्वतंत्र, बढतीची साखळीही स्वतंत्र. २०२५ मध्ये महाराष्ट्राने भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला संमती दिली. चर्चा दुहेरी मार्गाची, निधीची आणि ‘कोकण रेल्वे’ हे नाव टिकवण्याची झाली. कर्मचाऱ्यांच्या घरात याहून साधा प्रश्न विचारला जाईल : दोन याद्या जोडताना दरडी, बोगदे आणि पावसाळी वेळापत्रक सांभाळत काढलेली वर्षे कोणत्या तारखेपासून मोजणार? १९५३, १९९३ आणि २००७ या तिन्ही वेळी प्रश्न हाच होता. कंपन्या जोडण्याचा निर्णय आधी झाला आणि माणसांच्या वर्षांचा हिशोब मागे राहिला. या वेळी तो हिशोब आधी मांडता येईल. त्यासाठी लागणारा इतिहास हाताशी आहे.

(समाप्त)