रस्त्यांची टोकं मोजताना

पेठ या नावातच बाजार आहे. नाशिकहून सह्याद्री उतरून गुजरातकडे जाणाऱ्या वाटेवरचं हे आमचं गाव. पूर्वी छोटं संस्थान होतं. १८७८ मध्ये बेगमसाहेबांच्या निधनानंतर ते खालसा झालं आणि नाशिक जिल्ह्याचा तालुका झालं. वाटा एकत्र येतात तिथे बाजार भरतो, हे मी वर्गात कितीदा तरी सांगितलं असेल. पण 'किती वाटा?' हा प्रश्न किती जुना आणि किती खोल आहे, ते निवृत्तीनंतर कळलं. भाचीचा मुलगा संगणकावर रस्त्यांचे नकाशे करतो, त्याच्याशी बोलताना.

त्याचं काम असं. प्रत्येक रस्ता म्हणजे एक रेघ. रेघा जिथे मिळतात तिथे किती टोकं आली ते मोजायचं. एक आलं तर रस्ता तिथेच संपला. दोन आली तर तो नुसता पुढे गेला. तीन म्हणजे तिठा, चार म्हणजे चौक. ऐकायला बालवाडीचं गणित, पण खोच पुढे आहे. रेघा एकमेकींना टेकलेल्या दिसतात, पण दोघींचा अक्षांश-रेखांश नेमका एकच नसेल तर संगणकाच्या लेखी त्या भेटलेल्याच नाहीत. उलट नाशिकला द्वारका चौकावरून उड्डाणपूल जातो. कागदावर रेघा एकमेकींना छेदतात, पण वरची गाडी तिथे खाली वळू शकत नाही. तिथे टोकं मोजायची नाहीत.

या मोजणीचा मूळपुरुष ऑयलर. १७३६ च्या सुमारास त्याने क्योनिग्जबर्ग शहराच्या सात पुलांचं कोडं सोडवलं. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं शहर फिरता येईल का? त्याने अंतरं बाजूला ठेवली, रुंदी बाजूला ठेवली. जमिनीचे चार तुकडे, आणि प्रत्येकाला किती पूल लागतात एवढंच पाहिलं. बेटाला पाच, बाकी तिघांना तीन-तीन. बेरीज चौदा, म्हणजे पुलांच्या दुप्पट, कारण प्रत्येक पुलाला दोन टोकं. (हिशेब तपासायला ही युक्ती आजही चालते.) चारही आकडे विषम, म्हणून फेरी अशक्य. असो.

आपल्याकडे मात्र रस्ते लांबीने मोजायची सवय लागली. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि वीस वर्षांची योजना आखली. राष्ट्रीय महामार्गापासून ग्रामरस्त्यापर्यंतची वर्गवारी तिथलीच. उद्दिष्ट काय? शंभर चौरस किलोमीटरमागे सोळा किलोमीटर रस्ता. पुढच्या योजनेत ते बत्तीस झालं. आकडा चांगला, वाद नाही. पण घाटात एकच रस्ता वळणं घेत गेला तरी लांबी वाढते. त्याने पाडे जोडले जातात असं नाही.

डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, तेव्हा मोजणी खऱ्या अर्थाने बदलली. आता वस्ती मोजायची होती. सपाटीला पाचशे लोकसंख्येची, डोंगरी आणि आदिवासी भागात अडीचशेची. अशा प्रत्येक वस्तीला बारमाही रस्त्याची निदान एक जोडणी. मला हे पाऊल फार मोठं वाटतं. इथे कागदावर वस्तीला स्वतःचा आकडा मिळाला. पण तो आकडा 'एक' आहे.

एक म्हणजे काय, ते पेठ तालुक्यात पावसाळा काढलेल्याला विचारा. पाड्याचा रस्ता ओहोळावरच्या फरशीवरून जातो. आषाढात फरशीवरून पाणी गेलं की एकाचा शून्य होतो, आणि आजाऱ्याला झोळीत घालून डोंगराच्या बाजूने न्यावं लागतं. शेजारच्या पाड्याला जाणारी पायवाट असतेच, पण ती रेघ नकाशात नसते. दोन टोकं मिळाली असती तर एक बंद पडल्यावर दुसरं राहिलं असतं. लांबीचा तक्ता हे दाखवत नाही, कारण त्या रात्री रस्ता एका मीटरनेही कमी झालेला नसतो.

भाचीच्या मुलाला मी सांगितलंय की पेठचा नकाशा करशील तेव्हा प्रत्येक पाड्यापुढे दोन आकडे लिही, एक वैशाखातला आणि एक आषाढातला.