अटॅचमेंट आधी कोण उघडते?

अनोळखी पत्त्यावरून आलेली अटॅचमेंट उघडू नये, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ हा व्हायरस प्रेमपत्राचे सोंग घेऊन जगभर पसरला, तेव्हा हा धडा लाखो लोक नुकसान सोसून शिकले. पण तो अर्धाच धडा आहे. अटॅचमेंट घेणाऱ्याच्या हाती पडण्याआधी पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरने ती उघडलेली असते, आणि दोषांचे एक अख्खे घराणे त्या पहिल्या उघडण्यातून जन्मले आहे.

घराण्याचे मूळ अगदी निरुपद्रवी आहे. ई-मेल जन्मली ती साध्या इंग्रजी मजकुरापुरती. ११ मार्च १९९२ रोजी अमेरिकेतल्या बेलकोर या संशोधनसंस्थेतील नॅथॅनियल बोरेनस्टाइन यांनी आपल्या गायक चौकडीचा फोटो आणि त्यांचे गाणे ई-मेलला जोडून पाठवले. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे आणि नेड फ्रीड यांचे ‘माइम’ हे मानक प्रसिद्ध झाले. ‘बेस ६४’ पद्धतीने फाइलमधल्या दर तीन बाइटची चार अक्षरे करायची आणि मजकुरासारखी पाठवायची, हा त्यातला एक प्रमुख मार्ग. त्यासाठी फाइल उघडून वाचणे आलेच. पण तेव्हा फाइल निवडणारा माणूस स्वतः कॉम्प्युटरपुढे बसलेला असे.

पुढे वेबसाइटच ई-मेल पाठवू लागल्या आणि निवडणारा माणूस मधून गेला. पीएचपी भाषेत लिहिणाऱ्यांसाठी ब्रेंट मॅटझेल यांनी २००१ मध्ये ‘पीएचपीमेलर’ हे लहानसे साधन तयार केले. पुढे ते असंख्य वेबसाइटच्या पोटात जाऊन बसले. वेबसाइट चालवणाऱ्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमध्येही तेच आहे. अटॅचमेंट जोडायची तर त्याला फाइलचा पाथ, म्हणजे सर्व्हरवरचा ठावठिकाणा, द्यायचा, बस्स. हा पाथ दिसायला साधा मजकूर असतो, पण सर्व्हरच्या दृष्टीने तो ‘ही फाइल उघड’ असा हुकूम असतो. म्हणून पाथ कोण लिहितो, यावर सगळे अवलंबून.

जानेवारी २०१७ मध्ये याची पहिली ठळक प्रचिती आली. एचटीएमएल मजकुरातली चित्रे शोधून ती आपोआप अटॅच करण्याची सोय पीएचपीमेलरमध्ये होती. चित्रे कोणत्या फोल्डरमध्ये शोधायची हे प्रोग्रामरने सांगितले नसेल, तर शोध थेट सर्व्हरच्या मूळ फोल्डरपासून सुरू होई. अशा वेबसाइटच्या फॉर्ममध्ये कोणी चित्राच्या जागी सर्व्हरवरच्या एखाद्या खाजगी फाइलचा पाथ लिहिला, तर सॉफ्टवेअर ती फाइल इमानेइतबारे ई-मेलला जोडून देई. ५.२.२२ या आवृत्तीत ही वाट बंद झाली.

पुढची पिढी अधिक घातक निघाली. पीएचपीत पाथच्या आरंभी विशिष्ट उपसर्ग लावला की फाइल वेगळ्या रीतीने उघडते. त्यातला ‘फार’ हा उपसर्ग अनेक फाइलींच्या एकत्र गठ्ठ्यासाठी आहे. त्या गठ्ठ्यात स्वतःविषयीची माहिती साठवलेली असते, आणि ती वाचताना पीएचपी त्यातून जिवंत ऑब्जेक्ट उभे करत असे. सुरक्षा-संशोधक सॅम थॉमस यांनी २०१८ च्या ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षा परिषदेत दाखवले की, ‘ही फाइल अस्तित्वात आहे का’ एवढे विचारले तरी हे घडते. म्हणजे हल्लेखोराने आधी फोटोच्या वेषातला गठ्ठा अपलोड करायचा आणि मग अटॅचमेंटचा पाथ म्हणून त्याच्याकडे बोट दाखवायचे. त्या वेबसाइटच्या कोडमध्ये त्याच्या सोयीचे क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट घडवणारे साचे, असले, तर हल्लेखोराला हवे ते काम सर्व्हर करू लागे. नोव्हेंबर २०१८ मध्ये पीएचपीमेलरच्या ६.०.६ आवृत्तीने असे उपसर्ग असलेले पाथ नाकारायला सुरुवात केली.

तरी दोष परतला. विंडोजच्या नेटवर्कवरील फाइली पीएचपीमेलरला वाचताच येत नाहीत, अशी वापरणाऱ्यांची रास्त अडचण होती. ६.१.८ मध्ये ती सोडवताना उपसर्ग अडवणारी तपासणीही निघून गेली. ६.४.० पर्यंत दार उघडे राहिले. एप्रिल २०२१ मध्ये ६.४.१ ने ते पुन्हा लावले आणि मे महिन्यात वर्डप्रेसने ५.७.२ ही तातडीची आवृत्ती काढली. दरम्यान पीएचपी ८ ने मुळावरच घाव घातला होता: गठ्ठ्यातली माहिती आता आपोआप जिवंत होत नाही.

या घराण्यातला प्रत्येक दोष कुणाची तरी अडचण दूर करणाऱ्या सोयीतून आला आहे, त्यामुळे तो वाईट हेतूंत शोधून सापडत नाही. म्हणून वेबसाइट बांधणाऱ्याने फॉर्ममधून आलेला मजकूर कधीही पाथ म्हणून वापरू नये. अपलोड झालेल्या फाइलला सर्व्हरनेच नाव द्यावे. सुरक्षेसाठी घातलेल्या प्रत्येक ओळीसोबत ती गळाली तर ओरडणारी चाचणीही लिहावी. आणि आपल्या संस्थेची, मासिकाची किंवा दुकानाची वेबसाइट सांभाळणाऱ्यांनी अपडेटची सूचना उद्यावर टाकू नये.