भारत-पाक महासंघ
* डॉ. राममनोहर लोहिया आणि पं. दीनदयाळ उपाध्याय यांच्या १२ एप्रिल १९६४ च्या संयुक्त निवेदनातली कल्पना. समाजवादी नेता आणि जनसंघाचा सरचिटणीस एकाच कागदावर सही करतात, हे आज विलक्षण वाटते. पूर्व पाकिस्तानातल्या दंगलींनी दोघेही अस्वस्थ होते. दोन्ही सरकारांनी सुट्या सुट्या प्रश्नांवर घासाघीस न करता मोकळेपणी बोलावे, त्यातून सैलसा महासंघ उभा राहील, ही त्यांची आशा. आमच्या मते सरकारांवर भिस्त ठेवणे हीच त्यातली उणीव. मागणी खालून यायला हवी. कोकणातल्या कित्येक मुस्लिम कुटुंबांचे नातलग कराचीत आहेत. तिथली भारतीय वकिलात १९९४ च्या अखेरीस बंद झाली. त्यानंतर २०२५ पर्यंत रत्नागिरीतल्या भाचीच्या लग्नाला यायचे तर व्हिसासाठी मावशीला आधी इस्लामाबादकडे धाव घ्यावी लागत असे. — संपा.