गिरणगावातील बाजारपेठेचे बदलते स्वरूप

मुंबईच्या लालबाग-परळ परिसरातील दुकानदारी प्रामुख्याने गिरणी कामगारांच्या पगारावर उभी होती. वाणी महिनाभर उधारीवर शिधा देत व पगार होताच खाते चुकते होई. कुटुंब गावी ठेवून आलेल्या कामगारांना खानावळी जेवू घालत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे २.५ लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि हे चक्र खंडित झाले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विक्रीस वाट करून दिली. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला. लालबागची मसाल्याची दुकाने मात्र टिकली, कारण त्यांचे गिऱ्हाईक शहरभरातून येते. तात्पर्य, येथील जुन्या पेठेच्या ऱ्हासाचे मूळ दुकानदारांच्या उदासीनतेत नसून रोजगाराच्या अस्तात आहे.