निना सिमोनची गोष्ट सांगा, पण जॉर्ज वॉकरची आधी सांगा

आरक्षणाचा विषय निघाला की मेरिटवाल्यांकडे दोन उदाहरणे तयार असतात. एक ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरचे आणि दुसरे क्रिकेटच्या टीमचे. अलीकडे त्यात तिसऱ्याची भर पडली आहे, ते म्हणजे शास्त्रीय संगीताचे. "स्टेजवर एकट्याने वाजवणाऱ्याला कोण आरक्षण देणार? तिथे सूर लागला तर लागला, नाही तर नाही. तिथे जात कोण विचारतो?" प्रश्न विचारणारा विजयी मुद्रेने बघतो आणि आपली पोरे क्षणभर गप्प होतात, कारण शास्त्रीय संगीताच्या मैफलीत आपण फारसे बसलेलो नसतो. का बसलेलो नसतो, हा प्रश्न त्याच्या प्रश्नातच दडलेला आहे. पण तो नंतर घेऊ.

थोडेफार वाचलेले कार्यकर्ते अशा वेळी निना सिमोनची गोष्ट सांगतात. गोष्ट खरी आहे आणि सांगण्यासारखी आहे. १९३३ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधल्या ट्रायॉन या छोट्या गावात एक कृष्णवर्णीय मुलगी जन्मली. नाव युनिस वेमन. आई चर्चमध्ये प्रवचन करायची आणि गोऱ्यांच्या घरी घरकामही करायची. पोर तीन-चार वर्षांची असल्यापासून पियानोवर बोटे फिरवू लागली. आई जिथे कामाला होती तिथल्या बाईने सुरुवातीची फी भरली, पुढे गावाने वर्गणी काढून मुलीच्या नावाने फंड उभा केला. साधारण अकरा-बारा वर्षांची असताना तिचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. आईबाप पुढच्या रांगेत बसले होते. गोऱ्या प्रेक्षकांसाठी त्यांना तिथून उठवून मागे पाठवले गेले. पोरीने पियानोवरून हात उचलला आणि सांगितले की ते परत पुढे आल्याशिवाय मी वाजवणार नाही.

१९५० च्या उन्हाळ्यात ती न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या नामांकित संगीत विद्यालयात शिकली. पुढचे ध्येय होते फिलाडेल्फियाची कर्टिस इन्स्टिट्यूट. तिथे निवड झाली की फी लागत नाही, म्हणून गरिबाच्या लेकराला तेवढीच वाट. मुलगी कर्टिसला जाणार या भरवशावर घरच्यांनी आधीच फिलाडेल्फियात बिऱ्हाड हलवले. १९५१ मध्ये तिने ऑडिशन दिली आणि तिला नकार मिळाला. मग शिकवण्या करून, गायकांना साथ करून तिने कर्टिसच्याच एका शिक्षकाकडे खासगी धडे घेतले. पैशासाठी १९५४ मध्ये अटलांटिक सिटीच्या एका बारमध्ये ती वाजवायला बसली. मालक म्हणाला, गायलाही लागेल. धार्मिक आईला कळू नये म्हणून नाव बदलले आणि निना सिमोन जन्माला आली. जगाला एक मोठी गायिका मिळाली, पण तिला स्वतःला व्हायचे होते अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय शास्त्रीय पियानोवादक. कर्टिसने तिला मानद पदवी दिली २००३ मध्ये, मृत्यूच्या अवघे एक-दोन दिवस आधी.

ही गोष्ट ऐकून डोळ्यांत पाणी येते. पण वाद जिंकायला ती पुरत नाही, हे आपल्याच लोकांना सांगायची वेळ आली आहे. कारण समोरचा अभ्यास करून आलेला असेल तर म्हणेल, रंगामुळे नकार मिळाला याला पुरावा काय? ज्या शिक्षकाकडे ती नंतर शिकली, त्यानेच पुढे सांगितले की हा रंगाचा प्रश्न नव्हता, तिच्यापेक्षा सरस मुले होती. निना सिमोन यांनी हे आयुष्यभर मान्य केले नाही. त्यांचा अनुभव मला त्या शिक्षकाच्या खुलाशापेक्षा जवळचा वाटतो. पण बंद खोलीत परीक्षकांच्या मनात काय होते ते तुम्ही-आम्ही सिद्ध करू शकत नाही. आणि मेरिटवाला त्याचा हुकमी पत्ता टाकेल: "कर्टिसने कृष्णवर्णीय मुले घेतली होती. जॉर्ज वॉकर तिथूनच १९४५ मध्ये पास झाले."

बरोबर. आता आपण त्याला विचारायचे की मग त्या जॉर्ज वॉकरचे पुढे काय झाले?

वॉकर १९२२ साली वॉशिंग्टनमध्ये जन्मले. वडील जमैकाहून आलेले डॉक्टर. आजी गुलामगिरीत राहून तिथून निसटलेली. घरात पियानो होता आणि पाचव्या वर्षी शिकवणी सुरू झाली. म्हणजे निना सिमोनच्या घरी जे नव्हते ते इथे होते. चौदाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर ओबर्लिन कॉलेजात, अठराव्या वर्षी पदवी, तीही सर्वोच्च श्रेणीत. मग कर्टिस. तिथे पियानोसाठी गुरू रुडॉल्फ सर्किन, त्या काळातले जगातल्या पहिल्या फळीचे वादक. संगीतरचनेसाठी रोझारिओ स्कालेरो. १९४५ मध्ये दोन्ही विषयांत पदविका. कर्टिसमधून बाहेर पडलेले ते पहिले कृष्णवर्णीय पदवीधर. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये पहिला एकल कार्यक्रम झाला आणि पाठोपाठ फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर, युजीन ऑर्मंडी यांच्या संचालनाखाली, रखमानिनॉव्हचा तिसरा कॉन्चेर्तो. हा कॉन्चेर्तो म्हणजे पियानोवादकाची हाडे मोडणारी चीज. त्या ऑर्केस्ट्राबरोबर एकल वादन करणारे वॉकर हे पहिले कृष्णवर्णीय वादक. वय वर्षे तेवीस.

आता मला सांगा, मेरिटचे आणखी कोणते प्रमाणपत्र राहिले? बालपणापासून शिक्षण, उत्तम गुरू, उत्तम संस्था, कठीणातली कठीण परीक्षा आणि भरलेल्या सभागृहासमोर ती पास केल्याचा पुरावा. इथे ऑडिशनच्या बंद खोलीचा संशय नाही. दार उघडले होते, माणूस आत गेला होता, पहिल्या वर्गात पास झाला होता.

आणि तरीही त्याला कार्यक्रम मिळाले नाहीत. पाच वर्षे एकाही मोठ्या एजन्सीने त्यांना घेतले नाही. १९५० मध्ये नॅशनल कॉन्सर्ट आर्टिस्ट्स या एजन्सीने करार केला. एवढ्या मोठ्या एजन्सीने घेतलेले ते पहिले कृष्णवर्णीय वादक, पण कृष्णवर्णीय पियानोवादक विकणे अवघड आहे हे तिथेही त्यांना ऐकावे लागले. वॉकर यांनी नंतर मुलाखतींतून हे सांगितले आहे.

"विकणे" हा शब्द नीट लक्षात घ्या. एकल वादकाला कुठेही नोकरी नसते. त्याला संध्याकाळी विकायच्या असतात. त्या काळच्या अमेरिकेत दोन-तीन मोठ्या एजन्सी वादकांची यादी बनवायच्या. गावोगावच्या संगीत समित्या त्या यादीतून हंगामाचे कलाकार निवडायच्या. समितीत कोण? गावातली प्रतिष्ठित गोरी मंडळी. दक्षिणेतल्या अर्ध्या गावांत तर या कलाकाराला हॉटेलात खोलीही मिळणार नव्हती. या साखळीत कुणीही "आम्हाला काळा माणूस नको" असे लिहून देत नाही. समिती म्हणते, प्रेक्षक येणार नाहीत. एजन्सी म्हणते, समिती घेत नाही. प्रेक्षक म्हणतात, आम्हाला कुणी ऐकवलेच नाही. आपल्याकडे भाड्याची खोली शोधताना "आमची काही हरकत नाही हो, पण सोसायटी..." हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना ही साखळी वेगळी समजावून सांगायला नको.

वॉकर यांनी १९५४ मध्ये युरोपचा दौरा केला, १९५६ मध्ये ईस्टमन स्कूलमधून डॉक्टरेट मिळवली आणि मग बहुतेक आयुष्य शिकवण्यात आणि संगीतरचनेत घालवले. १९६९ पासून १९९२ पर्यंत रटगर्स विद्यापीठात. १९९६ मध्ये त्यांच्या 'लायलॅक्स' या रचनेला पुलित्झर मिळाले, हा मान मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय संगीतकार. तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते. लोक हे यश म्हणून सांगतात. आहेच. पण तेविसाव्या वर्षी रखमानिनॉव्ह वाजवणारा पियानोवादक कुठे गेला, हा हिशोब त्या पुरस्काराने चुकता होत नाही.

"मग आंद्रे वॉट्स?" हा पुढचा प्रश्न येईल. येऊ द्या. जानेवारी १९६३ मध्ये ग्लेन गूल्ड आजारी पडले म्हणून सोळा वर्षांच्या वॉट्सला न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर लिस्टचा कॉन्चेर्तो वाजवायची संधी मिळाली. लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्यासारखा वजनदार माणूस पाठीशी होता, त्या आधी टीव्हीवर देशाने पोराला पाहिले होते. वॉट्स यांची पुढची कारकीर्द थोर आहे. पण अठरा वर्षांच्या अंतराने एक माणूस वर पोहोचला, एवढाच त्याचा अर्थ. "तुमच्यातलाही राष्ट्रपती झाला ना" हे आपल्याला ज्या सुरात सांगितले जाते, त्याच सुरात अमेरिकेत वॉट्स यांचे नाव घेतले जायचे.

त्याच न्यूयॉर्क फिलहार्मोनिकविरुद्ध १९६९ मध्ये डबल बास वाजवणारे आर्थर डेव्हिस आणि चेलोवादक अर्ल मॅडिसन यांनी शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. शंभराहून अधिक वादकांत तेव्हा कृष्णवर्णीय कायम सदस्य होता एकच, व्हायोलिनवादक सॅनफर्ड ॲलन. १९७० मध्ये आयोगाने कायम नेमणुकांत भेदभाव सिद्ध झाला नाही असे म्हटले, पण बदली वादक ओळखीपाळखीतून घेताना भेदभाव होतो हे मान्य केले. गुपचूप ओळखीवर चालते तिथे जात-रंग जास्त चालतो, हा त्याचा साधा अर्थ. पुढे अनेक ऑर्केस्ट्रांनी पडद्याआड ऑडिशन घ्यायला सुरुवात केली. पण एकल वादकाला पडदा कुठून आणणार? त्याचा चेहरा तर पोस्टरवरच छापायचा असतो.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कृष्णवर्णीय गायक-गायिकांना वादकांच्या आधी शास्त्रीय मंचावर जागा मिळाली. मारियन अँडरसन यांना १९३९ मध्ये वॉशिंग्टनच्या एका सभागृहाने नाकारले, तेव्हा लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर त्या गायल्या आणि सुमारे पंचाहत्तर हजार लोक जमले. गळा चालला, पण बोटे चालली नाहीत. का? कारण गळा "निसर्गाची देणगी" म्हणून मान्य करता येतो. गाणे यांच्या रक्तातच आहे, असे म्हणता येते. वाद्याचे तसे नाही. तिथे वर्षानुवर्षांची शिस्त, वाचन, बुद्धी लागते. ती यांच्याकडे आहे हे मान्य केले तर सगळा डोलारा कोसळतो.

आपल्या शाहिरांचे, हलगी-ढोलकीवाल्यांचे कौतुक कसे होते ते आठवा. "यांच्या रक्तातच लय आहे हो!" हे कौतुक नाही. हलगीवाल्याने बापाच्या हाताखाली काढलेली वीस वर्षे यात पुसली जातात. त्याचे ते "रक्त" आणि मैफलीत बसलेल्याची ती "साधना". शिवाय हलगी वाजवणे हे कित्येकांवर गावकीचे काम म्हणून लादलेले होते, नाही वाजवली तर गाव वाळीत टाकायचे. म्हणूनच बाबासाहेबांच्या चळवळीनंतर अनेकांनी ती खाली ठेवली. ज्याच्या हातून वाद्य सक्तीने वाजवून घेतले त्यालाच विचारायचे, तुमच्यात वादक का नाहीत?

आणि शिकायचे म्हटले तर कुठे? गुरुगृही राहून, गुरूच्या चुलीवरचे खाऊन विद्या मिळवायची ही आपल्याकडची जुनी रीत. ज्याला पाणवठ्याला शिवू दिले नाही त्याला त्या घरात कोण घेणार होते? दक्षिणेत मृदंगम् बनवणारे कारागीर बहुतांशी दलित ख्रिश्चन आहेत. पालघाट मणी अय्यर यांच्यासारख्या ब्राह्मण वादकांच्या नादामागे परलांडू या कारागिराचे कान आणि हात होते. कातडे निवडणे, सोलणे, ताणणे हे सगळे त्याचे आणि मंच दुसऱ्याचा. गाईचे कातडे मात्र मंचावर पवित्र. टी. एम. कृष्णा यांनी या कारागिरांवर 'सेबास्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिले, तर २०२० मध्ये चेन्नईच्या कलाक्षेत्रने प्रकाशनासाठी दिलेले सभागृह परत घेतले.

आता सुरुवातीचा प्रश्न. आपण मैफलीत का नसतो? एकल वादक घडायला पाच-सहा वर्षांच्या वयात वाद्य लागते, शिक्षक लागतो, रोज चार-पाच तास लागतात आणि दार लावून घेता येईल अशी खोली लागते. दहा बाय दहाच्या घरात, जिथे बाप नाइट शिफ्ट करून झोपलेला आहे, तिथे पोराने रियाझ कुठे करायचा?

बाबासाहेबांना व्हायोलिनची आवड होती, हे अनेकांना ठाऊक नसते. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी शिक्षक लावून धडे घेतले. ते व्हायोलिन पुण्यात सिम्बायोसिसच्या स्मारकात ठेवलेले आहे. गेलात तर त्याच्यासमोर थोडा वेळ थांबा. ज्या वयात व्हायोलिन हातात यायला हवे, त्या वयात हे मूल साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून गोणपाट घेऊन जात होते.

१९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना, तिथून चार-सहा रस्ते पलीकडे क्लेअरमाँट अव्हेन्यूवर एक संगीत विद्यालय होते. तेच पुढे जुलियार्डमध्ये विलीन झाले. युनिस वेमन १९५० च्या उन्हाळ्यात शिकली ती त्याच इमारतीत. दोन वर्षांनी, जून १९५२ मध्ये, कोलंबियाने बाबासाहेबांना तिथे बोलावून मानद पदवी दिली. त्याआधी १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. त्याच १९४६ मध्ये जॉर्ज वॉकर यांनी आपल्या आजीच्या स्मरणार्थ 'लिरिक फॉर स्ट्रिंग्ज' ही रचना लिहिली. सहा-सात मिनिटांची आहे, यूट्यूबवर सहज मिळते. वॉकर यांच्या पियानोवादनाची ध्वनिमुद्रणेही शोधली की सापडतात. मेरिटवाल्या मित्राला लिंक पाठवा आणि वाजवणाऱ्याचे नाव नंतर सांगा.